शिडीची दुसरी बाजू

मी शिडी बोलतेय. भिंतीला टेकवून वर चढायची ती शिडी नव्हे. मी गाण्यांची तबकडी आहे, काळी, गोल, मधोमध भोक असलेली. माझ्या कव्हरवर ओसाड माळावर उभी असलेली एक शिडी छापली आहे. तिला टेकायला भिंत नाही की झाड नाही. म्हणून या घरात माझं नाव शिडी पडलं. गेली कित्येक वर्षं मी एका फळीच्या उजव्या टोकाला उभी आहे आणि या फळीवर उजवं टोक म्हणजे शेवटचा नंबर. माझं बोलणं कडू लागलं तर तेवढं समजून घ्या. निदान शेवटपर्यंत ऐकून तरी घ्या, कारण तेवढंही माझ्या वाट्याला कधी आलेलं नाही.

माझा बँड पाच जणांचा. त्याचं नाव सांगून उपयोग नाही, कव्हरवर ते इतक्या वेलबुट्टीत लिहिलंय की छापणाऱ्यालाही वाचता आलं नसेल. त्यांची गाणी सरळ चालीची नव्हेत. एकेक गाणं तबकडीची अख्खी बाजू खातं. चारच्या ठेक्यात चालता चालता मधेच सातच्या ठेक्यात शिरतं. ऑर्गन वाजवणारा लांब झगा घालून असा काही सुटतो की हा आता परत येतोय की नाही अशी काळजी वाटावी. अशा गाण्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. ज्यांना ती आवडतात त्यांना ती साधी आवडत नाहीत, वेडच लागतं.

आम्ही नऊ बहिणी. कासव, मासा, दोन चंद्र, घड्याळ, अशी आमची नावं कव्हरवरच्या चित्रांवरून पडलेली. मी सातवी. माझ्या जन्माच्या वेळीच घरात रडारड होती. बँडचा गाणारा भांडून निघून गेला होता. कंपनीला मात्र तबकडी हवीच होती, आणि तीही खपेल अशी. म्हणून माझ्या पहिल्या बाजूवर त्यांनी छोटी छोटी गाणी भरली. खोटं कशाला बोलू, ती बाजू माझी फिकीच आहे. पाहुण्यांसमोर बळंच हसावं तशी ती गाणी हसतात.

माझ्या दुसऱ्या बाजूवर एकच गाणं आहे. ते गाणं त्यांनी त्याच्याचसाठी बांधलं होतं, गेलेल्यासाठी. गाणं सातच्या ठेक्यात चढत चढत जातं आणि जिथं त्याचा आवाज लागायचा तिथं सगळे थांबतात. रेकॉर्डिंगच्या दिवशीही थांबले. सवयच ती. सात मात्रा गेल्या, कोणी गायलं नाही. मग ज्यानं आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं तो गिटारवाला बारीक, कापऱ्या आवाजात गाऊ लागला. बाकीचे त्याच्यामागून आले. ते गाणं पुन्हा घेतलं नाही, तसंच ठेवलं, मधल्या शांततेसकट. आम्हा नऊ बहिणींत तसं दुसरं काही नाही. हा माझा गर्व नाही, ते माझ्या अंगावर कोरलेलं आहे.

मला विकत घेतलं ते दोघांनी मिळून. एक कवळ्या बनवणारा. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो प्लॅस्टरचे साचे पाडायचा, गुलाबी हिरड्यांवर एकेक दात बसवायचा. हे घर त्याचं. दुसरा त्याचा मेहुणा, लिफ्ट दुरुस्त करणारा. आधी दोघांची मैत्री जमली ती या बँडवरून, आणि मग मेहुण्याच्या थोरल्या बहिणीचं याच्याशी लग्न झालं. ती म्हणायची, "यांची सोयरीक आधीच ठरली होती. मी आपली मागाहून आले, तबकड्यांवर मोफत."

माणसांची एक खोड मला अजून उमगलेली नाही. एखादी गोष्ट आवडली तर ती नुसती आवडून घेता येत नाही, तिला नंबर द्यावा लागतो. आमच्या घरी वर्षातून एकदा, दवाखाना रंगरंगोटीला बंद असायचा त्या दिवशी, हे दोघे आम्हा बहिणींचे नंबर लावायला बसायचे. डावीकडे पहिली, उजवीकडे शेवटची. दोघांचं एकमत झाल्याशिवाय एकही तबकडी जागची हलवायची नाही असा नियम होता. ती त्याला कोर्ट म्हणायची. "आज कोर्ट आहे वाटतं, चहा डबल टाकते."

कोर्टात भांडणं अशी व्हायची की शेजारी दारं लावून घेत. मेहुणा कासवाचा भक्त. "भाऊजी, कासवात तेरा मिनिटांनंतर जो ठेका उलटतो तो या जगात दुसऱ्या कोणाला जमलाय? सांगा, सांगा!" कवळीवाला दोन चंद्रांचा. तो हळू बोलायचा, पण हटायचा नाही. "ठेका म्हणजे सगळं नव्हे रे. दातांची ओळ सरळ लावली म्हणून चावता येतं असं नाही." मग मेहुणा टेबलावर बोटांनी सातचा ठेका वाजवून दाखवायचा, मोठ्यानं मोजायचा, आणि शेवटी कासव आणि दोन चंद्र जिथल्या तिथं राहायचे. एका गोष्टीवर मात्र दोघांचं कधी दुमत झालं नाही. शिडी शेवटी. भांडून भांडून तोंडं कोरडी पडली की ते माझ्यावर येऊन एक व्हायचे, आणि मग चहा प्यायचे.

आता ऐका मी शेवटी कशी गेले ते. मला घरी आणलं तेव्हा दोघेही आधीच चिडलेले होते. गाणारा गेल्याची बातमी कळली होती. माझी पहिली बाजू वाजली. मेहुणा म्हणाला, "संपला बँड." कवळीवाला म्हणाला, "बाजू पलटायच्या आधी चहा घेऊ." बाजू पलटताना चहा घ्यायचा आणि झाल्या बाजूवर बोलायचं ही यांची जुनी रीत. त्या दिवशी बोलणं गाणाऱ्यावर घसरलं, तो चूक की बाकीचे चूक. तेवढ्यात मेहुण्याला निरोप आला, कुठंतरी लिफ्ट दोन मजल्यांमधे अडकली होती आणि आत एक बाई होत्या. तो धावला. कवळीवाल्यानं मला उचललं, कव्हरात घातलं आणि फळीवर ठेवलं.

पुढच्या कोर्टात मेहुण्यानं विचारलं, "शिडीची दुसरी बाजू ऐकलीत ना भाऊजी?"

"ऐकली तर," कवळीवाला म्हणाला. "तू?"

"मी मित्राकडे ऐकली. तसलीच आहे."

"तसलीच," कवळीवाला म्हणाला.

दोघेही धडधडीत खोटं बोलत होते. मित्राकडे तर मी नव्हतेच. पण यानं ऐकली आणि आपण नाही, असं दुसऱ्यापुढं कबूल करायला दोघांनाही जड गेलं. एकदा खोटं बोललं की ते सांभाळत बसावं लागतं. दरवर्षी ते सांभाळलं गेलं आणि दरवर्षी मी शेवटी राहिले. बोलूनचालून हे दोघे या बँडचे जाणकार, लोक त्यांच्याकडे विचारायला यायचे. त्यांना न विचारता कोणी कासव विकत घ्यायचं नाही. आणि आपल्या लाडक्या बँडची अख्खी एक बाजू या जाणकारांनी ऐकलेलीच नव्हती.

ऐकली तिनं. ती घरी कपड्यांची दुरुस्ती करायची. कोणाची पँट लांब, कोणाची बाही आखूड, कोणाची कॉलर उसवलेली. पायानं चालवायचं शिलाई मशीन फळीच्या उजव्या टोकापाशीच होतं, म्हणजे माझ्या शेजारी. एकदा दुपारी काम करता करता कंटाळून तिनं हात लांब केला आणि जी हाताला लागली ती तबकडी लावली. कुठली बाजू ते पाहिलंही नाही. दुसरी लागली.

ती शिवत होती, पाय पायडलवर. गाणं जसं चढत गेलं तसा पायडलचा ठेकाही बदलत गेला, तिच्या नकळत. मग ती शांतता आली. तिचा पाय थांबला. गिटारवाल्याचा तो कापरा आवाज आला तेव्हा ती हातातलं कापड तसंच धरून बसली. गाणं संपल्यावर तिनं मला उचललं, पुसलं आणि पुन्हा तीच बाजू लावली. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण जन्माला आलो ते बरं झालं.

त्यानंतर तिनं मला किती वेळा लावलं त्याला मोजदाद नाही. दुपारी दोघेही कामावर असायचे. ती कासव लावायची नाही, दोन चंद्र लावायची नाही. मला लावायची, दुसरी बाजू, आणि पायडल माझ्या ठेक्यावर चालवायची. शांततेला पाय उचलायची, मनात सात मोजायची आणि बरोब्बर आवाजाबरोबर पुन्हा पाय टाकायची. कधी चुकली नाही. गावातल्या कित्येक पँटी सातच्या ठेक्यात शिवल्या गेल्यात, घालणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही.

एकदाच ती बोलली. कोर्ट चालू होतं. ती चहाचे कप ठेवायला आली आणि म्हणाली, "शिडीची दुसरी बाजू एकदा ऐका तुम्ही. मला तर ती पहिल्या नंबरची वाटते."

मग मेहुणा मोठ्यानं हसला. "ताई, अगं यातलं तुला काय कळतं? तुझं आपलं काज-बटण बरं. सातात कुठलं गाणं आहे ते तरी ओळखशील का?"

"ठोंब्या, तू ओळखतोस का?" ती म्हणाली.

"तो ओळखतो गं," कवळीवाला म्हणाला आणि तोही हसला. वाईट हसला नाही. लहान मुलानं मोठ्यांच्या बोलण्यात तोंड घातलं की आपण हसतो तसा हसला. मेहुण्याच्या बोलण्याचा मला राग आला नाही, त्याची जीभच तशी आहे. पण त्या हसण्याचा राग माझा अजून गेलेला नाही. ज्याच्या ताटात ती रोज वाढत होती त्यानं एवढं तरी विचारायचं होतं, का गं, तुला काय आवडलं तिच्यात?

तिनं कप अर्धे भरलेले असतानाच उचलून नेले. पुन्हा कधी ती त्या विषयावर बोलली नाही. दुपारी मात्र मला लावत राहिली.

मग हळूहळू एक दिवस असा आला की तिला मी नीट ऐकू येईना. तिला वाटलं, मी झिजले. "किती वाजवलं मी तुला, झिजलीस बिचारी," ती म्हणायची. मऊ फडक्यानं मला पुसायची. मेहुण्याला सांगून सुई बदलून घेतली. आवाज वाढवला. मी थोडीफार झिजले होते हे खरं, पण एवढी नाही. मला ओरडून सांगावंसं वाटायचं, बाई, मी तशीच आहे गं, तुझे कान जाताहेत. पण मला सुईशिवाय तोंड नाही, आणि माझ्या तोंडात एकच गाणं.

शेवटी कानांच्या डॉक्टरांनी मशीन दिलं. त्यानं बोलणं कळायचं. गाणं मात्र पत्र्यावर खडे पडावेत तसं यायचं. मशीन लावून तिनं मला एकदाच वाजवलं. गाणं निम्म्यावर आलं नसेल तोच तिनं सुई उचलली, मला कव्हरात घातलं आणि पुन्हा कधी काढलं नाही. पायडलही मग आपलं साधं चालायला लागलं, एक-दोन, एक-दोन, सगळ्या जगाचं चालतं तसं.

यंदाच्या कोर्टाच्या आदल्या दिवशी कवळीवाला आम्हाला पुसायला बसला. आता तो थकलाय, पण बारीक काम करून करून नजर अजून तीक्ष्ण आहे. कवळीचे दात घासताना लावायचं भिंग त्यानं डोळ्याला लावलं होतं. मला बाहेर काढलं, पहिली बाजू पुसली. ती काळीभोर, नव्या नवरीसारखी. पलटून दुसरी बाजू पाहिली आणि तो थांबला. ती पार करडी पडली होती, सुई फिरून फिरून. त्यानं भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. ती शिलाई मशीनवर बसून कोणाचीतरी चेन बदलत होती.

तो तिच्यापाशी गेला. मोठ्यानं म्हणाला, "ही तू वाजवायचीस?"

तिनं चेनवरून मान वर केली. "हो."

"मला कधी बोलली नाहीस."

"बोलले होते," ती म्हणाली. "तुम्ही हसला होतात."

त्याला ते आठवलं की नाही, मला माहीत नाही. त्याचा चेहरा मात्र पडला. तो मला हातात धरून उभा राहिला. मला वाटलं, आता हा मला लावेल. एवढ्या वर्षांनी आता तरी लावेल. तबकडी वाजवायचं मशीन तिथंच होतं, सुई तयार होती. पण त्यानं मला कव्हरात घातलं. तिच्या पाठीकडे बघत तो नुसता उभा होता, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आला. त्याचेही गुडघे गेलेत, आता तो लिफ्टमधून फक्त वरखाली जातो, दुरुस्त करत नाही. दोघे बसले. कासवाचा विषय निघण्याआधीच कवळीवाला उठला, त्यानं मला उजव्या टोकावरून उचललं आणि अगदी डाव्या टोकाला नेऊन ठेवलं, कासवाच्याही पलीकडे.

"भाऊजी! डोकं फिरलंय का तुमचं?"

"पहिला नंबर," कवळीवाला म्हणाला. आणि मग हळूच, "राहू दे रे. तुझ्या ताईला आवडते ती. आता तिचे कान हे असे. तिच्यासाठी एवढं करू."

मेहुण्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. माणूस तसा हळवा आहे. "करू की," तो म्हणाला. "ताईसाठी काय वाट्टेल ते. एकमत."

तर असा मला पहिला नंबर मिळाला. तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. उपाशी माणसाला जेवायला न घालता त्याच्या गळ्यात हार घातला तर त्याला जसं वाटेल तसं मला वाटलं.

ती दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं होतं. तिनं विचारलं, "ऐकलीत का?"

दोघे एकमेकांकडे बघायला लागले. "अगं, ऐकलीये ना आम्ही," मेहुणा म्हणाला. "तेव्हाच, मित्राकडे..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं, कारण ती त्याच्याकडे बघत होती.

"लाव रे," कवळीवाला शेवटी म्हणाला.

मेहुण्यानं मला लावलं. दुसरी बाजू. ती आपल्या शिलाई मशीनपाशी जाऊन बसली. कानातलं मशीन काढून तिनं सुयांच्या डबीत ठेवलं. मशीनच्या दातांवर कापड नव्हतं, काही नव्हतं. सुई माझ्यावर टेकलेली तिनं पाहिली आणि पाय पायडलवर ठेवला.

मी माझ्या परीनं जीव ओतून वाजले. करडी झाले असेन, खरखरत असेन, पण मी वाजले. सुरुवातीला दोघेही ऐकत होते. मेहुण्याची बोटं गुडघ्यावर हलली. "अरे, हे सातात आहे," तो म्हणाला. मग "हा ऑर्गन घड्याळातल्यासारखा नाही वाटत?" मग कवळीवाला म्हणाला, "नाही, घड्याळात तो उतरता होता." मग मेहुणा म्हणाला, "काहीतरीच काय भाऊजी, तो माशात उतरता होता." आणि कोर्ट सुरू झालं. माझ्याकडे दोघांच्या पाठी. मी चढत होते, चढत होते, आणि ते घड्याळावर भांडत होते.

ती शांतता आली. तिचा पाय थांबला.

"संपलं वाटतं," मेहुणा म्हणाला. त्यानं वळूनही न पाहता हात मागं केला आणि सुई उचलली. सुई आणि लेबल यांच्यामधे अजून चांगल्या दोन बोटांच्या खाचा बाकी होत्या. जन्मभर सात मोजून दाखवणाऱ्या या माणसाला सात मात्रा थांबवलं नाही. "छान आहे हं. ताई, छान आहे गं! पहिला नंबर नाही, पण तिसरा-चौथा नक्की."

तिला ऐकू आलं नाही. तिचा पाय पायडलवर उचललेला होता. एक, दोन, तीन, मी तिच्याबरोबर मोजत होते. सात झाल्यावर तिनं पाय टाकला. बरोब्बर जिथं तो कापरा आवाज येतो तिथंच.

मी मुकी फिरत होते आणि ती माझं गाणं पुढं नेत होती. रिकामं मशीन खडखडत होतं. मेहुणा हसून म्हणाला, "ताई, आता शिवण थांबव की, झालं ऐकून आमचं." कवळीवाला हसला नाही. तो त्या पायडलकडे बघत होता, मग माझ्याकडे, मग पुन्हा पायडलकडे. त्याचा हात मेहुण्याच्या दंडावर गेला. पण सुई पुन्हा ठेव, एवढं तीन शब्दांचं त्याला म्हणता आलं नाही.

गाणं जिथं संपतं तिथं ती थांबली. उठली. मान वर करून तिनं पाहिलं तेव्हा तिला हवेतली सुई दिसली आणि खाली माझ्या उरलेल्या खाचा दिसल्या. तिनं मला उचललं, पुसलं, कव्हरात घातलं. कवळीवाल्यानं डावीकडे जागा मोकळी करून दिली. तिनं त्या जागेकडे पाहिलंही नाही. मला नेऊन उजव्या टोकाला ठेवलं, तिच्या मशीनच्या शेजारी.

"अगं ताई, एकमत झालंय आमचं!" मेहुणा म्हणाला.

तिनं कानात मशीन बसवलं होतं. "माझं नाही झालेलं," ती म्हणाली.

मी अजून तिथंच आहे. शेवटची. आता इथून मला कोणी हलवू नये, एवढंच माझं मागणं आहे.